आधी ‘कसं कळलं’ ते सांग

पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, “आत्या, औंढ्याला जायचंय. तिथल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेबद्दल गावांत आणि शाळांत बोलायचं काम माझ्याकडे आलंय. काय बोलू?” मी तेव्हा एवढंच म्हटलं की लिहून पाठवते. माझी बत्तीस वर्षं रेडिओ दुर्बिणींच्या कामात गेली. दर फेब्रुवारीत, २८ तारखेच्या विज्ञान दिनाच्या आगेमागे, मी खोडदच्या माळावर शाळकरी पोरांशी, त्यांच्या शिक्षकांशी आणि आसपासच्या शेतकऱ्यांशी बोलत आले. त्यातलं काही मला वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी सांगितलं होतं, काही ठेच लागून कळलं. ते सगळं आता तुझ्या पदरात टाकते.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेव: काय कळलं हे सांगायच्या आधी कसं कळलं ते सांग. बाकीचे सगळे मंत्र याच्याच पोटात आहेत.

आधी ऐकून घे

खोडदच्या दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मधोमध जवळजवळ, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. सगळा पसारा साधारण २५ किलोमीटरचा. पहिल्या वर्षी हे आकडे तोंडपाठ करून गेले आणि तासभर बोलले. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका द्राक्षबागायतदाराने विचारलं, “बाई, ते सगळं खरं. पण याच्या किरणांनी आमच्या बागेला काही होतं का?” तो माणूस तासभर तेवढा एकच प्रश्न मनात धरून उभा होता. माझं बोलणं त्याच्या कानावरून गेलं होतं.

उत्तर अगदी छोटं होतं. ही तबकडी म्हणजे कान आहे. आकाशातून आलेल्या लहरी ती ऐकते, स्वतः काही सोडत नाही. उलट तुमच्या खिशातला मोबाइलच तिला त्रास देतो, कारण ती जे ऐकते ते इतकं क्षीण असतं की चंद्रावर कुणी एक मोबाइल चालू ठेवला तरी तो तिला आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. हे ऐकल्यावर तो बागायतदार पुढे आला आणि विचारू लागला, “मग एवढं बारीक ऐकता तरी काय?” माझं खरं व्याख्यान तिथून सुरू झालं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. गावात गेलं की आधी पारावर, चहाच्या टपरीवर, शाळेच्या ओट्यावर बसायचं आणि लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. बोलायला उभं राहिलं की वहीतल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची. तुझ्या वहीत काय येईल याचा अंदाज मी आत्ताच देते: जमीन किती गेली, पाणी कुठून घेणार, सुरुंग लावणार का, हळदीवर आणि सोयाबीनवर काही परिणाम होईल का, आमच्या पोरांना कामं मिळतील का. यातला एकही प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्याचं पोट जमिनीवर आहे त्याने तो विचारायलाच हवा.

असे प्रश्न तमिळनाडूतही आले. तिथे थेनी जिल्ह्यातल्या डोंगरात न्यूट्रिनो नावाच्या कणांची वेधशाळा व्हायची होती. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो आपल्या अंगाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तरीही ‘या कणांनी धोका होईल’ ही भीती तिथे पसरली. पण लोकांच्या मनात तेवढंच नव्हतं. डोंगर फोडण्याची, पाण्याची, पश्चिम घाटातल्या जंगलाची काळजीही होती, आणि ती खरी होती. तो प्रकल्प रखडला. कणांच्या भीतीला भौतिकशास्त्राने उत्तर देता येतं. पाण्याच्या काळजीला पाण्याचाच हिशेब द्यावा लागतो. दोन्ही प्रश्न एकाच पिशवीत घालून ‘गैरसमज’ असं नाव देऊ नकोस.

निष्कर्षाची वाट दाखव

आता तुझ्या विषयाकडे येते. ‘दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्यांच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोचल्या’ हे वाक्य लोकांपुढे नुसतं ठेवलंस तर ते त्यांच्यासाठी पुराणातल्या चमत्कारासारखंच होईल. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. या वाक्यापर्यंत माणसं कशी पोचली ते सांग. ती हकिगत कुठल्याही गुप्तहेरकथेइतकी धरून ठेवणारी आहे.

१४ सप्टेंबर २०१५. अमेरिकेत एकमेकांपासून ३,००० किलोमीटर दूर असलेल्या दोन वेधशाळांत, सात मिलिसेकंदांच्या अंतराने, एकसारखीच खूण उमटली. ती टिकली जेमतेम ०.२ सेकंद. आनंदाने उड्या मारायच्या आधी शास्त्रज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ही खूण आपल्यापैकीच कुणी मुद्दाम घातलेली तर नाही? कारण त्यांचा तसा रिवाज होता. आपली माणसं फसतात का हे पाहायला ते अधूनमधून गुपचूप खोटी खूण यंत्रात सोडत. २०१० मध्ये अशाच एका खुणेवर सगळ्यांनी महिनोन् महिने काम केलं, लेखही लिहून तयार ठेवला आणि मग त्यांना सांगण्यात आलं की ती बनावट होती. या वेळी तसं काही नव्हतं. तरीही ट्रकची धडधड, भूकंपाची थरथर, विजेच्या तारांचा गुरगुराट, यंत्रातली खोट, एकेक शक्यता तपासून बाजूला काढण्यात जवळजवळ पाच महिने गेले. मग ११ फेब्रुवारी २०१६ ला त्यांनी जगाला सांगितलं.

हे पाच महिने सांग. विज्ञानावर विश्वास का ठेवायचा याचं उत्तर त्या पाच महिन्यांत आहे. गोंगाटातून अशी बारीक खूण हुडकण्याचं गणित पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घडवत होते, हेही सांग. गावातली मुलं ‘पुण्यात’ हा शब्द ऐकून मान वर करतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आणि एवढं सांगून झालं की औंढाच का, हे आपोआप सांगता येतं. यंत्राला शांत जमीन लागते. मोठ्या शहरांपासून, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या धडधडीपासून दूर अशी जागा शोधत माणसं इथे आली. दुसरं कारण कानांचं आहे. डोळे मिटलेल्या मुलाला हाक कुठून आली ते कळतं, कारण त्याला दोन कान आहेत आणि आवाज एका कानाला जरा आधी पोचतो. पृथ्वीवर दूरदूर जितक्या वेधशाळा, तितका लहरींच्या दिशेचा अंदाज पक्का. तुमच्या गावाजवळचा हा कान जगाला हवा आहे, हे त्यांना कळू दे.

हातात वस्तू दे आणि उपमेची हद्द सांग

सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक गोल तुकडा कापून पिशवीत ठेव. तो दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी दाबला की उभा लांबतो, वरून-खालून दाबला की आडवा लांबतो. उभा, आडवा, उभा, आडवा. गुरुत्वीय लहर जाते तेव्हा अवकाश असंच एका दिशेला ताणलं आणि दुसऱ्या दिशेला आकसलं जातं. म्हणून त्या वेधशाळेला काटकोनात दोन हात असतात, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. एक लांबला की दुसरा आखडतो. लेझरचा किरण दोन्ही हातांतून जाऊन परत येतो आणि हा फरक पकडतो. ट्यूबचा तुकडा मुलांच्या हातात दे, त्यांना दाबू दे. तो प्रयोग ती घरी जाऊन आजीला दाखवतील.

विहिरीतल्या पाण्यावर दगड टाकल्यावर उठणारे तरंग सांगायचा मोह तुला होईल. जरूर सांग, पण ती उपमा कुठे थांबते तेही लगेच सांग. तरंगात पाणी वरखाली होतं. इथे दोन ठिकाणांमधलं अंतरच कमीजास्त होतं. उपमेची हद्द न सांगता पुढे गेलीस, तर हुशार मूल तिथेच अडखळतं आणि आपल्यालाच काही समजत नाही असं समजून गप्प बसतं. त्या गप्प बसण्याचं पाप आपल्या माथी येतं.

प्रश्न विचारायची कला गाडगेबाबांकडून शिक. बाबा कीर्तनात लोकांना साधासा प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. शेवटी जे सांगायचं ते लोकांच्याच तोंडून येई. तूही ‘दोन हात का लागत असतील?’ असं विचार आणि थांब. वर्ग शांत झाला तर घाबरून स्वतःच उत्तर देऊ नकोस. मनात दहापर्यंत मोज. बहुतेक वेळा कोपऱ्यातून हात वर येतो.

आकड्याला गावचा रस्ता दाखव

यंत्र जो बदल मोजतं तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका असतो. हे वाक्य खरं आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात त्याचं चित्र उमटत नाही. असं सांग: सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं दूर आहे. तिथपर्यंतचं अंतर मोजताना एका केसाच्या जाडीएवढीही चूक व्हायला नको, इतकी ही मोजणी बारीक आहे.

आकडे लाखकोटींत सांग. ‘एक पॉइंट तीन बिलियन’ म्हणालीस की निम्मे लोक तिथेच सुटतात. ‘१३० कोटी प्रकाशवर्षं’ म्हण, आणि मग सांग की २०१५ मध्ये पकडलेली ती लहर तिथून निघाली तेव्हा पृथ्वीवर झाडं नव्हती, प्राणी नव्हते. एका बैठकीत तीनच आकडे. चौथा आकडा पहिल्याला विसरायला लावतो.

‘उपयोग काय?’ या प्रश्नाला मान दे

हा प्रश्न येणारच. तो अपमान समजू नकोस. भारतातल्या या वेधशाळेसाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ते पैसे काडेपेटीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यावर कर भरणाऱ्या माणसांचे आहेत. त्यांना विचारायचा हक्क आहे आणि तुझ्यावर उत्तराचं देणं आहे.

उत्तर खरं दे. या लहरींमुळे उद्या पीक वाढेल, आजार बरे होतील असं काही सांगू नकोस. नोकऱ्यांबद्दल तुला अधिकृत माहिती असेल तेवढीच दे. आपल्या हातात नसलेला शब्द कधीही देऊ नकोस. खोटी आशा दाखवून मिळालेल्या टाळ्या पाच वर्षांनी शिव्या होऊन परत येतात, आणि त्या तुझ्यानंतर तिथे जाणाऱ्या पोरांना खाव्या लागतात.

मग काय सांगायचं? मी उन्हाळ्यांची गोष्ट सांगते, उन्हाळे म्हणजे गरम पाण्याचे झरे. अमेरिकेत यलोस्टोन नावाच्या जंगलात असे झरे आहेत. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला त्या पाण्यात एक जिवाणू सापडला. हात पोळेल अशा पाण्यात जीव जगतो तरी कसा, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांनी डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत शोधली. तिच्यात मिश्रण पुन्हा पुन्हा ९५ अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि साधी विकरं (एन्झाइम) त्या उष्णतेत निकामी होतात. त्या झऱ्यातल्या जिवाणूचं विकर मात्र टिकलं. करोनात आपल्या सगळ्यांच्या नाकातून काडी फिरवून जी आरटीपीसीआर चाचणी झाली, ती याच पद्धतीची. झऱ्याकाठी बसलेल्या माणसाला १९६६ मध्ये कुणी ‘उपयोग काय?’ विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

ही गोष्ट सांगून झाली की लगेच दुसरी बाजूही सांग: प्रत्येक शोधाचं असं होत नाही. पुष्कळ शोधांचा असा उपयोग कधीच होत नाही आणि कुठल्याचा होईल हे आधी ओळखता येत नाही. म्हणून समाज थोडं बियाणं अशा जमिनीतही पेरतो. शेतकऱ्याला हे पटकन समजतं. आणि शेवटी हेही न लाजता सांग की आपण कुठून आलो, हे जग कशाचं बनलं आहे, हे जाणून घेणं हीसुद्धा माणसाची भूक आहे. ज्या जिल्ह्यातलं नरसी हे गाव नामदेवांचं जन्मस्थान म्हणून मानलं जातं, तिथल्या लोकांना पोटापलीकडच्या भुकेबद्दल तू काही वेगळं शिकवायची गरज नाही.

‘माहीत नाही’ हे ताठ मानेने म्हण

लोणारचं सरोवर अशनीच्या आघाताने झालं, हे तिथल्या खडकांवरून नक्की कळलं आहे. पण कधी? एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२,००० वर्षांपूर्वी आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. दहापटींहून जास्त फरक. मी हे मुलांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात, कारण आपल्याच राज्यात, एसटीने जाता येईल अशा जागी, शोधायचं काहीतरी शिल्लक आहे हे त्यांना कळतं. काय पक्कं आहे, काय कच्चं आहे आणि काय मुळीच ठाऊक नाही, हे तीन ढीग प्रत्येक भाषणात वेगळे ठेव.

चुकाही सांग. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातल्या एका प्रयोगातून बातमी आली की जिनिव्हाजवळून इटलीला गेलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. आइन्स्टाइन चुकला, असे मथळे जगभर छापून आले. काही महिन्यांतच त्याच प्रयोगकर्त्यांना एक केबल नीट बसली नसल्याचं सापडलं आणि त्यांनी ते जाहीर केलं. लोक विचारतील, मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? सांग, की ज्यांनी चूक केली त्यांनीच ती शोधून चव्हाट्यावर मांडली, म्हणून ठेवायचा.

शब्द जपून वापर

२०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘देवकण’ म्हटलं. इंग्रजीतल्या एका पुस्तकाच्या नावावरून ते आलं होतं. पुढची दोन वर्षं मला प्रत्येक गावात एकच प्रश्न आला: “देव सापडला का हो?” कणाला वस्तुमान कशाने मिळतं, हा मूळ मुद्दा त्या नावाखाली गाडला गेला. बोसॉन या शब्दात सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव आहे, हेही कुणाला सांगायला उसंत मिळाली नाही. चटकदार नाव लोकांना जवळ आणतं आणि चुकीच्या दारात सोडून जातं.

आधी वस्तू समजाव, मग तिचं नाव सांग. नाव मराठीत असेल तर मराठीत, रुळलेलं इंग्रजी असेल तर ते. ‘लेझर’ला नवा संस्कृत शब्द शोधत बसू नकोस. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. तिचं नाव ‘कृष्णविवर’. आज गावातल्या पोरालाही तो शब्द परका वाटत नाही, कारण तो त्याच्याकडे गोष्टीतून आला. आणि हो, मराठवाड्याची बोली मन लावून ऐक, पण तिची नक्कल करू नकोस. तू पुण्याची आहेस हे त्यांना माहीत आहे. आपल्यासारखीच बोल, फक्त सावकाश.

श्रद्धेच्या दारात चपला काढ

औंढ्याला नागनाथाचं देऊळ आहे, लोकांचा त्यावर जीव आहे. कुणी विचारेल, हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं ना? कुणी विचारेल, ग्रहांचा आमच्या नशिबावर परिणाम होतो का? हसू नकोस, चिडू नकोस. तिथेही आपला तोच मंत्र चालव: कसं कळेल?

नारळीकरांनी फलज्योतिषाबाबत हेच केलं. २००८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत नरेंद्र दाभोलकरही होते, दोनशे मुलांच्या कुंडल्या जमवल्या. निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली ४६ टक्के, नाणं उडवून जितकी आली असती साधारण तितकीच. कुणाला दूषण दिलं नाही, कुणाची टिंगल केली नाही. कसोटी ठरवली, मोजलं आणि निकाल छापला. तू एवढी हकिगत सांग आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोड.

बातमीदाराला मदत कर

तालुक्याच्या बातमीदाराला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते. त्याला पाच ओळी लिहूनच दे: काय पाहिलं, कोणी पाहिलं, कोणी तपासलं, काय अजून ठाऊक नाही, आणि तुझा फोन नंबर. मथळा चुकला तर सगळ्यांसमोर बोलू नकोस, दुसऱ्या दिवशी फोन करून शांतपणे सांग. तो माणूस वर्षानुवर्षं तिथेच राहणार आहे आणि तुझ्यापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचणार आहे.

शेवटचं सांगते. खोडदची माझी वही तुला देते आहे. तिच्यात निम्म्या प्रश्नांपुढे उत्तरं आहेत, निम्म्यांपुढे मी ‘बघून सांगते’ असं लिहून ठेवलेलं आहे. त्यांतल्या काहींची उत्तरं मी पुढच्या वर्षी त्याच माणसांना जाऊन दिली. काहींकडे पुन्हा जाणं झालं नाही, आणि त्याची मला आजही चुटपुट लागते. तू तशी चुकू नकोस. यंदा ज्या गावांत जाशील त्या गावांत पुढच्या वर्षी पुन्हा जा, आणि राहिलेली उत्तरं आठवणीने घेऊन जा.